पेट्रोल गाडीच्या धुरातील सेंद्रिय संयुगे मोजताना: नमुन्यापासून आकड्यापर्यंत

ठाण्यातल्या कोणत्याही पीयूसी केंद्रावर गाडी उभी केली आणि सायलेन्सरमध्ये नळी घातली, की थोड्याच वेळात हाती पडणाऱ्या कागदावर ‘एचसी’, म्हणजे हायड्रोकार्बन, या अक्षरांपुढे एक आकडा छापलेला असतो. बीएस-४ मानकाच्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी तो २०० पीपीएमच्या आत असावा लागतो. हा आकडा निरुपयोगी मुळीच नाही. बिघडलेले इंजिन किंवा निकामी झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग, तो पकडून देतो. परंतु धुरात बेन्झिन किती आहे आणि फॉर्माल्डिहाइड किती आहे, या प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर नसतात. पीयूसीचे यंत्र सुमारे ३.४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे इन्फ्रारेड किरण धुरातून पाठवते आणि त्यांचे जेवढे शोषण होते, तेवढे सारे हेक्झेन आहे असे धरून आकडा देते. या पट्ट्यात हेक्झेनसारखी साखळीची संयुगे चांगली शोषतात, तर इथिलीन, असिटिलीन आणि बेन्झिन फारच थोडे शोषतात. म्हणून त्याच धुरातला कार्बन ज्वाला-आयनीकरण शोधकाने, म्हणजे एफआयडीने मोजला, तर तो पीयूसीच्या आकड्यावरून काढलेल्या कार्बनच्या साधारण दुप्पट निघतो.

ठाणे-बेळापूर पट्ट्यात गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातली संयुगे वेगळी करून मोजणारे यंत्र, असलेल्या लहान प्रयोगशाळा पुष्कळ आहेत, आणि पर्यावरणशास्त्राचा प्रकल्प म्हणून गाड्यांचा धूर मोजू पाहणारे विद्यार्थीही दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. यंत्राच्या मागे लागण्याआधी नमुन्याच्या मागे लागावे, असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण या कामातल्या बहुतेक चुका सायलेन्सरचे तोंड आणि यंत्राचे इंजेक्टर यांच्यामधल्या वाटेवर घडतात आणि एकदा घडल्या की कितीही महागडे यंत्र त्या दुरुस्त करू शकत नाही.

आधी प्रश्न निश्चित करावा

पेट्रोलच्या धुरात शेकडो सेंद्रिय संयुगे असतात आणि ती सगळी एका पद्धतीने मोजता येत नाहीत. दोन ते चार कार्बनची हलकी संयुगे, म्हणजे इथिलीन, प्रोपिलीन, असिटिलीन आणि १,३-ब्युटाडाइन, ही बॅगेत किंवा कॅनिस्टरमध्येच, म्हणजे आधी निर्वात केलेल्या धातूच्या डब्यातच, धरावी लागतात. बेन्झिन, टोल्युइन, इथिलबेन्झिन आणि झायलिन कॅनिस्टरमध्येही घेता येतात आणि शोषक नळीवरही. फॉर्माल्डिहाइड आणि असिटाल्डिहाइड यांना डीएनपीएच हे अल्डिहाइडे बांधून ठेवणारे रसायन लावलेले कार्ट्रिज लागते. नॅफ्थलीनपासून बेन्झो-ए-पायरीनपर्यंतची बहुचक्रीय संयुगे फिल्टर आणि त्यामागच्या शोषकावर गोळा करावी लागतात. हे काम वेगळ्या तयारीचे असल्यामुळे येथे ते बाजूला ठेवले आहे. पहिल्यांदाच मोजणाऱ्याने बेन्झिन, टोल्युइन, १,३-ब्युटाडाइन आणि दोन अल्डिहाइडे एवढीच यादी घ्यावी. यांतले बेन्झिन, ब्युटाडाइन आणि फॉर्माल्डिहाइड ही तिन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत मोडतात, आणि आपल्याकडच्या २००९ च्या हवा गुणवत्ता मानकांत बेन्झिनसाठी वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर ही मर्यादा घातलेली आहे. ही यादी लहान असली तरी तिचे मोल मोठे आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग गाडीच्या स्थितीचा आहे. नव्या गाडीला मान्यता देताना तिचा धूर चासिस डायनामोमीटरवर, ठरलेल्या चालन-चक्रात मोजतात. या चक्राचे संक्षिप्त नाव एमआयडीसी असेच आहे, त्यामुळे तुर्भे-महापेच्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. येथे त्याचा अर्थ औद्योगिक वसाहत असा नसून सुधारित भारतीय चालन-चक्र असा आहे. ते ११८० सेकंदांचे असून त्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि त्याआधी गाडी निदान सहा तास २० ते ३० अंश तापमानाच्या खोलीत थंड होत ठेवावी लागते. मे महिन्यात ठाण्यात ही अट वातानुकूलित कक्षाशिवाय पाळता येणार नाही. असा डायनामोमीटर लहान प्रयोगशाळेत नसतो. मग मोजायचे काय? गाडी जागेवर उभी ठेवून तीन स्थिती मोजता येतात: थंड इंजिन सुरू केल्यापासूनची पहिली तीन मिनिटे, गरम इंजिनाचा साधा आयडल आणि २५०० आरपीएमचा उंच आयडल. यांतून प्रति किलोमीटर मानकाशी ताडून पाहण्याजोगा आकडा मिळत नाही, आणि तसा दावा अहवालात कधीही करू नये. मात्र कोणते संयुग किती आहे, कन्व्हर्टर तापण्याआधी आणि नंतर काय फरक पडतो आणि इंधन बदलल्याने अल्डिहाइडे किती बदलतात, हे या तीन स्थितींतून नीट समजते.

थंड सुरुवात कष्टाची आहे, परंतु ती गाळू नये. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम सुरू करत नाही, आणि त्याआधी समृद्ध, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनातले न जळलेले पेट्रोल जवळपास जसेच्या तसे बाहेर पडते. आधुनिक गाडीच्या एका फेरीतल्या सेंद्रिय उत्सर्जनाचा मोठा वाटा या पहिल्या दोन-तीन मिनिटांचा असतो. घरापासून ठाणे स्टेशनपर्यंत जाऊन बंद होणाऱ्या गाडीची तर निम्मी फेरीच त्यात संपते.

गाडीची तयारी

टाकीतले इंधन कोणते आहे ते लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास सर्व गाड्यांना एकाच पंपावरून, एकाच दिवशी पेट्रोल भरावे. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेन्झिन घनफळाने जास्तीत जास्त १ टक्का आणि एकूण ॲरोमॅटिक संयुगे ३५ टक्क्यांपर्यंत असू शकतात. धुरातले बेन्झिन केवळ इंधनातल्या बेन्झिनमधून येत नाही; टोल्युइन आणि झायलिन यांचे मिथिल गट ज्वलनात तुटूनही ते तयार होते, म्हणून इंधनातले एकूण ॲरोमॅटिक प्रमाण कळणे तितकेच आवश्यक आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलचे अर्धवट ज्वलन झाले की असिटाल्डिहाइड होते. त्यामुळे जुन्या नोंदींशी तुलना करायची असेल, तर इंधनाचा हा बदल हिशेबात धरल्याशिवाय गाडीविषयी काहीही म्हणता येणार नाही.

त्यानंतर सायलेन्सरची गळती पाहावी. इंजिन सुरू करून पाइपचे तोंड जाड कापडाने क्षणभर दाबले, की सांध्यांतून फुसफुस ऐकू येते. मफलरजवळ भोक असेल तर आयडलला तेथून बाहेरची हवा आत शिरते. एका सिलिंडरच्या दुचाकीत गळती नसतानाही हाच प्रकार घडतो, कारण प्रत्येक ठोक्यानंतर पाइपमध्ये क्षणभर उलटा ओढा निर्माण होतो. यासाठी प्रोब निदान ३०० मिलिमीटर आत गेला पाहिजे, आणि स्कूटरचा पाइप तेवढा लांब नसेल तर त्याला घट्ट बसणारा जोडपाइप लावावा. जोडपाइपाच्या सांध्याला रबर किंवा सिलिकॉन वापरू नये. सिलिकॉन ॲरोमॅटिक संयुगे स्पंजासारखी शोषते आणि पुढच्या, स्वच्छ गाडीच्या नमुन्यात सोडते.

सुरक्षेविषयी थोडे, परंतु निक्षून सांगावेसे वाटते. हे काम बंद गॅरेजमध्ये करू नये. थंड इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला काही मिनिटांत भोवळ आणतो आणि त्याला वास नसतो. उघड्या शेडमध्ये, वाऱ्याकडे तोंड करून गाडी उभी करावी, चाकांखाली अडथळे ठेवावेत आणि अंगावर कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावावा.

नमुना: सारे येथेच ठरते

कच्च्या धुरात साधारण १२ ते १३ टक्के पाण्याची वाफ असते आणि तिचा दवबिंदू ५० अंशांच्या आसपास असतो. धूर थंड नळीतून गेला की नळीच्या आतल्या बाजूला पाणी धरते आणि त्या पाण्यात फॉर्माल्डिहाइड, असिटाल्डिहाइड आणि इथेनॉल विरघळून बसतात. बॅगेच्या तळाशी थेंब दिसत असतील, तर त्या बॅगेतल्या अल्डिहाइडांचा आकडा लिहूच नये. यावर उपाय म्हणजे प्रोबपासून मिश्रणाच्या ठिकाणापर्यंतची नळी ११० ते १२० अंशांवर तापती ठेवणे आणि त्यानंतर धुरात दहा-बारा पट स्वच्छ वायू मिसळून तो सौम्य करणे.

आता हा स्वच्छ वायू कोठून आणायचा? पुस्तकात लिहिलेले असते की गाळलेली बाहेरची हवा वापरावी. थंड, कोरड्या देशात ते ठीक आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ते चालत नाही, आणि याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. जुलैत २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना बाहेरच्या हवेतच सुमारे ३.४ टक्के वाफ असते. १३ टक्के वाफेच्या एक भाग धुरात अशी अकरा भाग हवा मिसळली, तर मिश्रणात ४.२ टक्के वाफ उरते, म्हणजे त्याचा दवबिंदू जवळजवळ ३० अंश येतो. अशी बॅग २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत आणली की तिला आतून घाम फुटतो. त्याच धुरात कोरडा नायट्रोजन मिसळला तर १.१ टक्का वाफ उरते आणि दवबिंदू ८ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे काळजीचे कारणच राहत नाही. जानेवारीत बाहेरच्या हवेवर काम भागते. जून ते ऑक्टोबर मात्र सिलिंडरमधला कोरडा नायट्रोजन किंवा झीरो एअर, म्हणजे शुद्ध केलेली कोरडी हवाच वापरावी. त्यासाठी होणारा खर्च हा या कामातला सर्वांत योग्य खर्च आहे, असे माझे मत आहे.

सौम्यीकरणाचे प्रमाण दोन वायूंच्या प्रवाह-नियंत्रकांवर विसंबून ठरवू नये. मिसळण्यापूर्वीचा आणि नंतरचा कार्बन डायऑक्साइड मोजून ते काढावे, कारण तापत्या नळीत किंचित अडथळा आला तरी प्रवाह बदलतो आणि नियंत्रकाच्या काट्यावर ते दिसतही नाही.

सौम्य केलेला धूर ज्यात साठवायचा ते पात्र सोयीनुसार निवडावे. टेडलारची बॅग स्वस्त आणि हाताळायला सोपी असते, परंतु तिच्यातून फिनॉल आणि डायमिथिलअसिटामाइड सुटतात आणि प्रकाशात आतल्या आत अभिक्रिया होतात. म्हणून काळ्या आवरणाची बॅग घ्यावी, आधी तीन वेळा शुद्ध नायट्रोजनने भरून रिकामी करावी आणि नमुना त्याच दिवशी तपासावा. १,३-ब्युटाडाइनला तर तेवढाही अवधी देऊ नये. धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडशी त्याची अभिक्रिया होते आणि काही तासांत ते घटलेले दिसते. सकाळी घेतलेली बॅग दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा तपासून किती घट होते हे प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः एकदा पाहावे. ते पाहिल्यावर नियम सांगावा लागत नाही.

सिलिका-लेपित ६ लिटरचा कॅनिस्टर अधिक विश्वासाचा असतो. तो सुमारे १०० अंशांवर तापवून, दमट नायट्रोजनने अनेकदा धुऊन ०.०५ टॉरच्या खाली रिकामा करावा आणि त्यात शुद्ध वायू भरून कोरा नमुना तपासावा. प्रत्येक संयुग ०.२ पीपीबीच्या (अब्जात ०.२ भागाच्या) आत आल्याशिवाय तो कॅनिस्टर वापरू नये. धुरासाठी वापरलेले कॅनिस्टर परिसराच्या हवेसाठी पुन्हा वापरू नयेत आणि त्यांच्यावर रंगीत पट्टी लावून ते वेगळ्या फळीवर ठेवावेत. टेनॅक्स हा शोषक पदार्थ भरलेली नळी टोल्युइनपासून पुढे उत्तम काम करते, परंतु चार-पाच कार्बनची संयुगे ती धरून ठेवू शकत नाही आणि बेन्झिनही जास्त घनफळ ओढले तर निसटते. यासाठी दोन नळ्या एकामागे एक जोडाव्यात आणि मागच्या नळीत पुढच्याच्या पाच टक्क्यांहून अधिक आढळले तर घनफळ कमी करावे.

आजूबाजूची हवा

रबाळे, महापे, तुर्भे या भागात टोल्युइन आणि झायलिन हे धुराचे अनन्य चिन्ह मानता येत नाही. रंग, औषधे, चिकटद्रव्ये, छपाई अशा कित्येक उद्योगांत ही द्रावके रोजची आहेत. एकदा संध्याकाळी उशिरा घेतलेल्या चार गाड्यांच्या नमुन्यांत टोल्युइन बेन्झिनच्या आठ-नऊ पट निघाले. इंधनात भेसळ असावी असा आमचा समज झाला आणि दोन दिवस आम्ही त्याच दिशेने शोधत राहिलो. शेवटी लक्षात आले, की त्या संध्याकाळी सौम्यीकरणासाठी बाहेरची हवा वापरली होती, भिंतीपलीकडच्या शेडमध्ये थिनरने रंगकाम चालू होते आणि पार्श्वभूमीची, म्हणजे आजूबाजूच्या हवेची, बॅग भरायची राहून गेली होती. ते चारही नमुने बाद करावे लागले.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा, की गाडीच्या प्रत्येक नमुन्याबरोबर त्याच वेळेत, त्याच नळीने, सौम्य करणाऱ्या वायूचा एक नमुना घ्यायचा आणि गाडीजवळच्या हवेचा दुसरा. सिलिंडरचा वायू वापरला तरी हवेचा नमुना वगळू नये, कारण सायलेन्सरच्या तोंडाशी शिरणारी हवा आणि सैल सांधे यांचा सुगावा त्यातूनच लागतो. गॅरेजमध्ये काम असेल तर कार्बोरेटर साफ करण्याचे फवारे, ग्रीस काढायचे द्रावक आणि पेट्रोलने भिजलेले बोळे आदल्या दिवशीच हलवावेत. प्रयोगशाळेतही नमुना ज्या खोलीत उघडतो तेथे हेक्झेन किंवा डायक्लोरोमिथेन यांची बाटली नसावी.

पार्श्वभूमी वजा करताना ती पूर्ण वजा करत नाहीत, कारण मिश्रणातला धुराचा वाटा इंजिनातून आलेला असतो आणि बाहेरची हवा फक्त उरलेल्या वाट्यात असते. सौम्यीकरण गुणक काढण्यासाठी १३.४ ला (सौम्य न केलेल्या धुरात धरलेली कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी) मिश्रणातल्या कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी अधिक हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या पीपीएमच्या बेरजेचा दहा हजारावा भाग, या संख्येने भागतात. समजा कार्बन डायऑक्साइड १.०४ टक्के, कार्बन मोनॉक्साइड २०० पीपीएम आणि हायड्रोकार्बन कार्बनच्या हिशेबाने २० पीपीएम आहे. तर भाजक १.०६२ आणि गुणक १२.६ येतो. पार्श्वभूमीत टोल्युइन १० पीपीबी आणि नमुन्यात ४० पीपीबी असेल, तर १० मधून त्याचा १२.६ वा भाग कमी करून उरलेले ९.२ वजा करावेत, म्हणजे धुराचे टोल्युइन ३०.८ पीपीबी ठरते. पार्श्वभूमी नमुन्याच्या निम्म्याहून अधिक असेल, तेव्हा वजाबाकीच्या भरवशावर राहू नये आणि वारा बदलल्यावर किंवा शेजारचे काम थांबल्यावर नमुना पुन्हा घ्यावा.

अल्डिहाइडांची वेगळी वाट

फॉर्माल्डिहाइडला एफआयडी जवळजवळ पाहतच नाही. त्यातल्या एकुलत्या एका कार्बनला आधीच ऑक्सिजन चिकटलेला असल्यामुळे ज्वालेत आयन तयार होत नाहीत. म्हणूनच धुराचे ‘एकूण हायड्रोकार्बन’ एफआयडीने मोजले तरी अल्डिहाइडे त्यातून निसटतात आणि त्यांना २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन, म्हणजे डीएनपीएच लावलेल्या सिलिकाच्या कार्ट्रिजमधून न्यावे लागते. तेथे त्यांची स्थिर, पिवळी हायड्रॅझोने होतात. सौम्य केलेला धूर मिनिटाला सुमारे एक लिटर या वेगाने दोन कार्ट्रिजांतून एकामागे एक ओढावा, पंपाचा प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी बुडबुडा-मापकाने तपासावा आणि कार्ट्रिज लगेच टोपण लावून, ॲल्युमिनियमच्या पाकिटात, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवावे. ज्या फ्रिजमध्ये असिटोन किंवा फॉर्मॅलिन आहे तेथे ते ठेवू नये, कारण कार्ट्रिज पाकिटातूनही असिटोन पकडते.

पुढे ५ मिलिलिटर असिटोनायट्रिलने संथपणे धुऊन तो द्राव एचपीएलसी या द्रव-क्रोमॅटोग्राफवर, सी-१८ स्तंभातून, ३६० नॅनोमीटरवर तपासतात. यंत्र हायड्रॅझोनचे वजन सांगते. ते फॉर्माल्डिहाइडसाठी ०.१४३ ने आणि असिटाल्डिहाइडसाठी ०.१९७ ने गुणले, की मूळ संयुगाचे वजन मिळते. स्टँडर्डच्या बाटलीवर वजन हायड्रॅझोनचे लिहिले आहे की अल्डिहाइडचे, हे न पाहिल्याने सातपट चूक झालेली मी पाहिली आहे. आणखी एक धोका नायट्रोजन डायऑक्साइडचा आहे. त्याची डीएनपीएचशी अभिक्रिया होऊन तयार होणारा अझाइड काही स्तंभांवर फॉर्माल्डिहाइडच्या हायड्रॅझोनला अगदी खेटून बाहेर येतो. शिखराच्या खांद्याला फुगवटा दिसला तर द्रावकाचे प्रमाण बदलून ते वेगळे करावे. हवेच्या नमुन्यासाठी ओझोन अडवणारी पोटॅशियम आयोडाइडची नळी पुढे लावतात, ती मात्र पावसाळ्यात ओलसर होऊन अल्डिहाइडे अडवू लागते. म्हणून प्रत्येक नमुन्याला नवी घ्यावी.

यंत्रावर

येथे फार थांबण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडचे विश्लेषक यात तरबेज आहेत. हलक्या संयुगांसाठी ॲल्युमिना लेपाचा पीएलओटी स्तंभ आणि पाच कार्बनपासून पुढे ६० मीटरचा अध्रुवीय स्तंभ वापरावा. शोधक एफआयडी असो वा मास स्पेक्ट्रोमीटर, बेन्झिनची ओळख केवळ स्तंभातून बाहेर पडण्याच्या वेळेवरून पटवू नये. पेट्रोलच्या शेकडो शिखरांत त्याच्या शेजारी सायक्लोहेक्झेनसारखे सोबती असतात. मास स्पेक्ट्रोमीटरवर बेन्झिनसाठी ७८ आणि टोल्युइनसाठी ९१ व ९२ हे वस्तुमान पाहावेत. मेटा आणि पॅरा झायलिन या स्तंभावर वेगळे होत नाहीत, म्हणून त्यांचा एकत्र आकडा द्यावा. अंशांकन निदान पाच बिंदूंचे असावे, त्यातला सर्वांत वरचा बिंदू थंड सुरुवातीच्या नमुन्याहून वर असावा आणि दर दहा नमुन्यांनंतर मधला बिंदू पुन्हा चालवावा. थंड सुरुवातीचा नमुना नेहमी सर्वांत शेवटी चालवावा, नाहीतर त्याचे अवशेष पुढच्या दोन-तीन नमुन्यांत दिसत राहतात.

आकड्याला अर्थ देणे

पीपीबी हा आकडा सौम्यीकरणावर अवलंबून असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना त्यावरून करता येत नाही. कार्बनचा ताळेबंद ही अडचण सोडवतो. जळालेल्या पेट्रोलचा बहुतेक सारा कार्बन कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन या रूपांत बाहेर पडतो. म्हणून त्या तिघांतला कार्बन मोजला की नमुन्यात किती इंधनाचा धूर आहे हे कळते, मग तो धूर दहापट सौम्य असो वा वीसपट.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. पार्श्वभूमी वजा केल्यावर कार्बन डायऑक्साइड १ टक्का, कार्बन मोनॉक्साइड ०.०२ टक्के आणि हायड्रोकार्बनचा कार्बन ०.००२ टक्के, म्हणजे एकूण १.०२२ टक्के. २५ अंशांवर एक मोल वायू २४.४५ लिटर व्यापतो, तेव्हा एका घनमीटरमध्ये या कार्बनचे वजन ५.०२ ग्रॅम होते. बेन्झिन ६० पीपीबी असेल तर ३.१९५ ने (बेन्झिनचा रेणुभार भागिले २४.४५) गुणून १९१.७ मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर. भागाकार केला की एका ग्रॅम कार्बनमागे ३८.२ मायक्रोग्रॅम बेन्झिन येते. ई-२० पेट्रोलमध्ये वजनाने सुमारे ७९ टक्के कार्बन असतो, म्हणून एक किलो इंधनामागे बेन्झिन ३०.२ मिलिग्रॅम ठरते. निव्वळ पेट्रोलसाठी ही टक्केवारी ८६ ते ८७ घ्यावी लागते. जुनी टक्केवारी ई-२० ला लावली तर आकडा जवळपास दहा टक्के फुगतो.

मिळालेला आकडा स्वीकारण्यापूर्वी टोल्युइन आणि बेन्झिन यांचे गुणोत्तर पाहावे. गरम इंजिनाच्या धुरात ते साधारण एक ते तीनच्या दरम्यान असते. ते पाच-सहाच्या वर गेले की प्रथम बाहेरच्या द्रावकाचा किंवा न जळलेल्या पेट्रोलचा संशय घ्यावा आणि पार्श्वभूमीचा नमुना पुन्हा पाहावा. थंड सुरुवातीला मात्र ते वर जाणे स्वाभाविक आहे. एकाच गाडीचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी घेऊन त्यांतला फरक अहवालात तसाच द्यावा. तो फरक दोन गाड्यांमधल्या फरकाहून मोठा निघाला, तर कोणती गाडी अधिक स्वच्छ आहे याविषयी मत देऊ नये, मग ते ऐकायला समोरचा कितीही उत्सुक असो.

अहवालात इंधन, गाडीचे वर्ष आणि मानक, ओडोमीटर, इंजिन किती तास थंड होते, शेडमधले तापमान आणि आर्द्रता, वाऱ्याची दिशा, सौम्य करणारा वायू आणि नमुना घेतल्यापासून तपासणीपर्यंतचे तास, एवढे संयुगांच्या आकड्यांच्या आधी यावे. काम संपल्यावर तापती नळी अर्धा तास नायट्रोजनने धुऊन, शेवटच्या पाच मिनिटांचा वायू कोऱ्या बॅगेत भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आणण्याआधी ती बॅग यंत्रावर चालवावी, आणि तिच्यात टोल्युइनचे शिखर दिसले तर गाडीला थांबायला सांगून नळी पुन्हा धुवावी.